आत्याच्या प्रश्नाला इंग्रजी पीडीएफ

पोस्ट लांब आहे. काही जणांना झोंबेल, काही जण फोन करून "अरे, घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला?" म्हणतील. पण दोन महिने डोक्यात घोळतंय, लिहून मोकळा होतो.

माझी आत्या ७२ वर्षांची. सगळं आयुष्य नगरकडच्या एका खेड्यात गेलं (जिल्ह्याचं नाव बदललं, आमच्या तोंडातलं बदलायला वेळ लागेल). शिक्षण जुनी सातवी, तेही मिशनच्या शाळेत. पवित्र शास्त्र रोज वाचते, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली आहे तरी वाचते. गेल्या उन्हाळ्यात तिचा धाकटा मुलगा ट्रकच्या धडकेत गेला. ३८ वर्षांचा होता. दिवाळीनंतर मी तिला पुण्याला घेऊन आलो. एका रात्री भांडी आवरता आवरता तिने विचारलं, "बाबा, देवानं हे आधीच ठरवून ठेवलं व्हतं का रं? आणि ठरवलंच व्हतं, तर मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना कशाला करत व्हते?"

मी पत्रकार माणूस. नगरसेवकाला अडचणीत आणणारा प्रश्न मला सुचतो, पण आत्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून पाळकसाहेबांना विचारलं. नाव घेत नाही, माणूस चांगला आहे, शिकलेला आहे. त्यांनी तासाभरात व्हॉट्सअॅपवर चारशे पानांची इंग्रजी पीडीएफ पाठवली. खाली लिहिलं, "व्हेरी गुड बुक ऑन प्रॉव्हिडन्स, ब्रदर." शेजारी हात जोडलेले.

आत्याला इंग्रजी येत नाही. हे पाळकसाहेबांना माहीत आहे. घरी येऊन तिच्या हातचा चहा पिऊन गेलेत.

मग मी पुस्तक शोधायला बाहेर पडलो. पुण्यात मराठी पुस्तक मिळत नाही असं म्हणणाऱ्याला अप्पा बळवंत चौकात उभं करावं. धार्मिक पुस्तकांच्या फळीवर ज्ञानेश्वरी पाच प्रकारात, गाथा, दासबोध, व्रतकथा, गुरुचरित्र. ख्रिस्ती पुस्तक विचारलं तर दुकानदार म्हणाला, "बायबल का? ते कॅम्पात बघा." कॅम्पाच्या बाजूला गेलो. तिथल्या दुकानात इंग्रजी पुस्तकांच्या भिंती होत्या. कॅल्विन, स्पर्जन, पॅकर, जाडजूड टीकाग्रंथ, मंडळी कशी चालवावी यावरच दोन फळ्या. मराठी कोपऱ्यात शास्त्र, 'उपासना संगीत', कॅलेंडरं, वचनांचे स्टिकर आणि फुकट वाटायच्या पुस्तिकांचा एक गठ्ठा.

गठ्ठ्यातली एक पुस्तिका घेतली. परदेशातल्या कुठल्यातरी संस्थेने भाषांतर करून पाठवलेली. पहिल्याच पानावर "चर्चची लागवड कशी करावी". अहो, आमच्याकडे कांद्याची लागवड करतात, मंडळी स्थापन करतात. पुढे विश्वासाच्या अंगीकाराला शब्द वापरलाय "कबुलीजबाब". मी सहा वर्षं क्राइम बीट केलंय. कबुलीजबाब पोलिसांपुढे देतात आणि बहुतेक वेळा कोर्टात फिरवतात.

हसू येतं, पण हसण्यासारखं नाही. कारण आत्याने विचारलेला प्रश्न हा काही कुठल्यातरी परक्या पंथाचा प्रश्न नाही. तो आमच्याच घरातला आहे.

ज्यांना हा इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणा झाली, तिची एक शाखा जिनीव्हाच्या जॉन कॅल्विनची. तिला रिफॉर्म्ड म्हणतात. देवाचं सार्वभौमत्व, त्याची तरतूद, पूर्वनियोजन, कृपा हे तिचे मुख्य विषय. आणि मंडळी कशी चालवायची हा तितकाच मुख्य विषय. हीच परंपरा स्कॉटलंडमध्ये प्रेस्बिटेरियन झाली, इंग्लंड-अमेरिकेत काँग्रिगेशनल झाली. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन काँग्रिगेशनल. त्यांचंच मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. पुण्यात आणि पुढे जालन्यात काम केलं ते स्कॉटिश मिशनने. कोल्हापूर-मिरजेला अमेरिकन प्रेस्बिटेरियन, मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल त्यांचंच. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या आणि १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात ही सगळी माणसं आली. म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पणजोबांचा बाप्तिस्मा या परंपरेत झालाय. आपल्याला ते माहीत नाही, कारण ते आपल्या भाषेत कुणी आपल्या हातात ठेवलेलं नाही.

आणि हे कुणाच्या बाबतीत घडावं? ज्यांनी मराठीला छापायला शिकवलं त्यांच्या!

जॉन बनियनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'चं मराठी भाषांतर, हरि केशवजींचं 'यात्रिक्रमण', १८४१ सालचं आहे. 'ज्ञानोदय' नगरला १८४२ मध्ये सुरू झालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्या 'यमुनापर्यटन'चं नाव शाळेत पाठ करतात, ती १८५७ ची, बाबा पदमनजींची. आणि हे बाबा पदमनजी पुण्यात फ्री चर्चचे, म्हणजे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. कादंबरी लिहिणारा पाळक! त्यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली, मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप केला, 'शब्दरत्नावली' नावाचा कोश केला, शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिली. आज पुण्यातल्या ख्रिस्ती तरुणाला विचारा बाबा पदमनजी कोण. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा असेल तर सांगेल. चर्चमध्ये ऐकलं म्हणून नाही सांगणार.

पुण्याच्या जवळच केडगाव. पंडिता रमाबाईंची परंपरा रिफॉर्म्ड नव्हे, पण त्यांचं उदाहरण दिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, कारण छापील शास्त्राची भाषा गावच्या बायकांना जड जात होती. मुक्ती मिशनच्या बायकांनी खिळे जुळवून ते छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, शास्त्र १९२४ मध्ये बाहेर पडलं. दुष्काळात अनाथ झालेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा छापखाना चालवत होत्या. आज आपल्या हातात लॅपटॉप आहे, डीटीपी आहे, शंभर प्रतीसुद्धा छापून मिळतात. आपण काय छापतो? कन्व्हेन्शनचे फ्लेक्स.

"मिशनरी गेले, त्यांच्याबरोबर पैसा गेला, छापखाने गेले." हे कारण मी लहानपणापासून ऐकतोय. अर्धं खरं आहे. पण पैसा नाही म्हणणारे आपणच लग्नात बँडवर किती उधळतो ते मी पाहिलंय, वाजवलंही आहे.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि ते पुण्याचं आहे. ख्रिस्ती धर्मशिक्षणासाठी देशभरातून विद्यार्थी पुण्यात येतात. बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी आधी यवतमाळला होतं, १९८३ मध्ये पुण्यात आलं. नगर रोडला कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ आहे. दोन्हीकडे शिक्षण इंग्रजीत. देशभरातली पोरं येतात तर ते समजू शकतो. पण तिथून पदवी घेऊन मराठी मंडळीत आलेला पाळक पुढची तीस वर्षं काय करतो? इंग्रजीत वाचतो, मराठीत बोलतो आणि लिहीत काहीच नाही. त्याच्या डोक्यातलं शास्त्र आणि त्याच्या मंडळीच्या डोक्यातलं शास्त्र यांच्या मध्ये एक भिंत उभी राहते. रविवारी त्या भिंतीच्या फटीतून तो वीस मिनिटं बोलतो. लोक त्याला विद्वान म्हणतात.

आता खरं काय ते लिहितो. मराठीत ही पुस्तकं नसणं हा योगायोग नाही. ती सोय आहे. कुणाची, ते सांगतो.

रिफॉर्म्ड परंपरेत मंडळीच्या कारभाराची पुस्तकं फार आहेत, आणि ती वाचायला मिळाली तर आपल्याकडच्या निम्म्या कमिट्यांना घाम फुटेल. कॅल्विनने १५४१ मध्ये जिनीव्हासाठी नियम केले, त्यात चार पदं सांगितली: पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक. बिशप नाही, साहेब नाही. स्कॉटलंडमध्ये १५६० साली जॉन नॉक्स आणि आणखी पाच जणांनी मंडळीच्या शिस्तीचं पहिलं पुस्तक लिहिलं. (सहाही जणांचं नाव जॉन. खोटं वाटेल, पण खरं आहे.) त्यात काय आहे? वडील आणि सेवक यांची निवड दर वर्षी करायची, कारण माणूस एका जागेवर फार दिवस राहिला की मंडळीच्या स्वातंत्र्यावर हात टाकतो. पैशाचा हिशेब सेवकांनी ठरावीक काळाने द्यायचा. पाळकाच्या वागण्यावर वडिलांनी लक्ष ठेवायचं आणि चुकला तर त्याला सांगायचं. मंडळीला पाळक निवडायचा अधिकार. चर्चच्या उत्पन्नातून पाळकाचा पगार, शाळा आणि गरीब, असे तीन खर्च.

आणि गंमत ऐका. हे पुस्तक तिथल्या सरदारांनी पूर्णपणे कधीच मंजूर होऊ दिलं नाही. का? चर्चच्या जमिनी आणि उत्पन्न त्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच खिशात घातलं होतं. ४६० वर्षं झाली. पुण्या-मुंबईत मिशनच्या जमिनींवरून जे चाललंय ते आठवून बघा, मला जास्त लिहायला लावू नका.

मी एका मंडळीच्या वार्षिक सभेला गेलो होतो, सभासद म्हणून. कुठली ते सांगत नाही. मी उठून एवढंच विचारलं की मंडळीची घटना मराठीत आहे का, असेल तर प्रत सभासदांना द्या. पुढून उत्तर आलं, "ऑफिसात इंग्लिश कॉपी आहे, येऊन बघून जा." मागच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या, चाळीस वर्षं दर महिन्याला वर्गणी देणाऱ्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, "घटना म्हणजे ते बाबासाहेबांचं का?" लोक हसले. मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं पैसे देणाऱ्या बाईला तिच्या मंडळीची घटना असते हेच कुणी सांगितलं नव्हतं. अशा सभेत हिशेब मंजूर व्हायला किती वेळ लागतो? चार मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. निवडणूक मात्र चार महिने चालते, कुठल्या गावचा, कुठल्या भावकीचा, कुणाचा जावई, सगळं बघून. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुतली गेली म्हणतात, कमिटीच्या यादीत ती कोरडीच्या कोरडी परत निघते.

ज्याच्या हातात पुस्तक नाही त्याच्या तोंडात प्रश्न येत नाही. ज्याला प्रश्न येत नाही तो चांगला सभासद. म्हणून म्हटलं, सोय आहे.

रिकामी जागा कोण भरतो तेही बघा. यूट्यूबवरचे संदेष्टे. मराठीत बोलतात, फर्डं बोलतात, आत्याच्या प्रश्नालाही त्यांच्याकडे तयार उत्तर असतं: तुझा विश्वास कमी पडला म्हणून पोरगा गेला, अमुक इतकं बी पेर म्हणजे पुढच्या पोराचं तरी रक्षण होईल. बी म्हणजे पैसे, नंबर स्क्रीनवर. सेमिनरीतली मंडळी या लोकांना नावं ठेवतात, इंग्रजीत.

आता आक्षेप. मला माहीत आहेत, कारण मी घरीच ऐकतो.

पहिला: मराठी ख्रिस्ती माणूस वाचत नाही, छापून कोण घेणार. ६ डिसेंबरला दादरला जा, नाहीतर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर. पुस्तकांचे स्टॉल मोजता येणार नाहीत. रात्रभर रेल्वेच्या डब्यात उभं राहून आलेली माणसं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मराठीत विकत घेऊन पिशवीत घालून परत जातात. नगर-जालन्याकडचे आपल्यातले बहुसंख्य लोक त्याच वस्त्यांतून आलेत, त्यांचेच चुलते-मावसे आहोत आपण. त्यांना वाचनाची भूक आहे आणि आपल्याला नाही, असं कसं होईल? त्यांना बाबासाहेबांनी सांगितलं की वाचा. आपल्याला पाळकाने सांगितलं की ऐका.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा: कॅल्विन, नॉक्स हे गोरे, आपण भारतीय मंडळी, रेव्हरंड टिळकांचे वारसदार, हे ओझं कशाला? या आक्षेपाचा मला आदर आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणला, तो 'उपासना संगीत'मध्ये आजही गातो आपण. पण टिळकांनी काय केलं ते नीट बघा. त्यांनी मराठीत लिहिलं. अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहून 'ज्ञानोदय'चे मराठी स्तंभ सांभाळले, लोकांच्या चालीत लिहिलं, आणि वेगळं मत असेल तिथे ते मराठीतच मांडलं. कॅल्विनला नाकारायचं तर जरूर नाकारा, पण आधी त्याचं म्हणणं काय ते तरी मराठीत मांडा ना. न वाचता नाकारणं याला स्वदेशी म्हणत नाहीत. आणि कॅल्विनने स्वतः काय केलं? त्याचा मोठा ग्रंथ १५३६ मध्ये लॅटिनमध्ये निघाला, विद्वानांसाठी. १५४१ मध्ये त्याने स्वतः तो फ्रेंचमध्ये आणला, कारण त्याच्या गावच्या माणसाला लॅटिन येत नव्हतं. आपल्या विद्वानांची लॅटिन म्हणजे इंग्रजी. त्यांचं १५४१ कधी उजाडणार?

तिसरा आक्षेप: आजची मुलं इंग्रजी माध्यमात, मराठी कशाला? या मुलांचे आईबाप आणि आज्या चर्चच्या बाकांवर बसतात. त्या अजून जिवंत आहेत, साहेब.

कॅथलिकांकडे बघून मला हेवा वाटतो, लपवत नाही. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' ओवीत दिलं. 'निरोप्या' १९०३ पासून चालू आहे. फादर दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' लिहिलं, त्यातल्या नव्या कराराला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि ते २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा काहींनी "ख्रिस्ती माणूस मराठीचा अध्यक्ष कसा" म्हणून गोंधळ घातला. आम्ही चिडलो, पोस्टी टाकल्या. मीही टाकली. पण त्या गोंधळ्यांनी मला विचारलं असतं की तुमच्या प्रोटेस्टंट पाळकांनी गेल्या दहा वर्षांत मराठीत लिहिलेली दहा पुस्तकं सांग, तर मी काय सांगितलं असतं? उठता-बसता आपल्याला परदेशी धर्माचे म्हणणाऱ्यांना आपण स्वतःच पुरावा देतोय. देवाचं काम कसं चालतं हे समजून घ्यायला आपल्याला परदेशी भाषा लागते!

आत्याचं राहिलं.

पाळकसाहेबांची पीडीएफ मी बाजूला ठेवली आणि हायडलबर्गची प्रश्नोत्तरी काढली. १५६३ ची, जर्मनीतली. १२९ प्रश्न, वर्षाच्या ५२ रविवारांत वाटलेले, म्हणजे साध्या माणसाने घरी बसून शिकावेत म्हणून. ती सुरूच होते जगताना आणि मरताना माणसाला दिलासा कशाचा या प्रश्नाने. २७वा प्रश्न देवाच्या तरतुदीचा आहे. मी इंग्रजी प्रत समोर ठेवून आमच्या नगरी बोलीत आत्याला सांगत गेलो, तीन संध्याकाळी. माझं भाषांतर काही धड नव्हतं. त्यात पावसाबरोबर दुष्काळाचा उल्लेख येतो, तिथे तिने मला थांबवलं. "बहात्तरचा?" म्हणाली. तिने खडी फोडलीय बहात्तरच्या दुष्काळात.

मग म्हणाली, "म्हंजी सगळं देवाच्या हातातून येतं. मग तो ट्रकवाला सुटला का?"

मी गप्प. दुसऱ्या दिवशी शोधलं. नेमका हाच प्रश्न लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला जमलेल्या पाळकांनी १६४६ मध्ये त्यांच्या विश्वासांगीकारात घेतलाय. देवाची योजना असली तरी माणसाची करणी माणसाचीच राहते आणि पापाचा दोष देवाकडे जात नाही, असं त्यांचं म्हणणं. ते तिला सांगितलं. तिने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "एवढं लिहून ठिवलंय, तर आम्हाला कुणी का नाही सांगितलं?" तिचं समाधान झालं का, ते मला माहीत नाही. केस कोर्टात आहे, ट्रकवाला जामिनावर आहे.

पाळकसाहेबांना मी फोन करून एवढंच म्हणालो की ती पीडीएफ तुम्ही दहा-दहा पानं करून मराठीत लिहा, टायपिंग मी करतो, पैसे घेणार नाही. "बघू, ब्रदर," म्हणाले. हीच ऑफर पुण्यातल्या प्रत्येक मराठी पाळकाला आहे. एका विषयावर चाळीस पानं. भाषा आत्याला समजेल अशी, लागवड आणि कबुलीजबाब सोडून. ज्या दिवशी हस्तलिखित येईल त्या दिवशी मी छपाईसाठी दारोदार फिरायला लागेन. पत्रकाराला दारोदार फिरायची सवय असते.

आणि बाकीच्यांना एक विनंती. आजोबा-पणजोबांच्या पेटीत जुन्या प्रश्नोत्तऱ्या, बाबा पदमनजींची टीका, 'ज्ञानोदय'चे बांधलेले अंक, मंडळीच्या नियमांची मराठी पुस्तकं असतील. रद्दीत घालू नका. मला इनबॉक्स करा. मी येऊन नेईन, स्कॅन करून आठवड्यात परत आणून देईन. आत्या मार्चपर्यंत पुण्यात आहे आणि आम्ही अजून एकतिसाव्या प्रश्नावरच आहोत.